पाणसळ आणि ओळंबा : गिरगाव ते लालबाग परिसरातील छायाचित्रांमधील क्षितिजरेषेचा विचार

प्रास्ताविक

छायाचित्रणाच्या प्राथमिक पाठात विद्यार्थ्याला जे मोजके नियम पहिल्याच दिवशी सांगितले जातात, त्यांत ‘क्षितिज सरळ ठेवा’ हा नियम अग्रभागी असतो. तो इतका साधा मानला जातो की त्याची चर्चा तंत्रविषयक पुस्तकांपलीकडे सहसा जात नाही. छायाप्रकाश, रंगसंगती, टिपलेला क्षण यांविषयी समीक्षक विस्ताराने लिहितात. क्षितिज कललेले असेल तर ती हाताची चूक समजून पुढे जातात. ही उपेक्षा निदान मुंबईच्या छायाचित्रांपुरती तरी परवडणारी नाही. ज्या शहरात समुद्र, गर्दी, उत्सव आणि कोसळणाऱ्या वास्तू एकाच चौकटीत येतात, त्या शहरात सरळ काय आणि कललेले काय हा प्रश्न अर्थाचा प्रश्न होतो. प्रस्तुत लेखात गिरगाव, दादर, परळ व लालबाग या परिसरातील छायाचित्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रतिपादन असे आहे की, चौकट कलली की चौकटीतील वस्तूचा स्वतःचा कल दिसेनासा होतो. विसर्जनाच्या वेळी पाण्यात झुकणारी मूर्ती, दहीहंडीच्या थरांचा तोल, शंभर वर्षांत खचलेली चाळीची गॅलरी, पाडली जाण्याच्या बेतात असलेली चिमणी यांचे झुकणे ही त्या त्या दृश्यातील मूळ घटना असते. ती वाचता यावी म्हणून प्रेक्षकाला एका स्थिर रेषेची गरज असते. गवंडी आडवी पातळी पाणसळीने पाहतो आणि उभी भिंत ओळंब्याने तपासतो. या परिसरातील छायाचित्रकाराला दोन्ही साधने लागतात. समुद्रकाठी पाणसळ आणि गिरणगावात ओळंबा.

समुद्राची रेषा आणि ती पाहणारे डोळे

मुंबई तीन बाजूंनी समुद्राने वेढलेली असली, तरी खऱ्या अर्थाने क्षितिज दिसते अशा जागा येथे मोजक्याच आहेत. गिरगाव चौपाटीवर नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे राहिले असता उजवीकडे मलबार हिल आणि डावीकडे मरीन ड्राइव्हची वळलेली रांग यांच्या मध्ये मोकळ्या समुद्राची रेषा फार थोडी उरते. नवशिका छायाचित्रकार येथे हमखास फसतो. दूर जाणारा किनारा चौकटीत तिरका चढत जातो, कारण पाण्याच्या पातळीवरील कोणतीही रेषा दूर जाताना क्षितिजाकडे वर सरकत असल्याचा भास होतो. त्या किनाऱ्यालाच क्षितिज समजून कॅमेरा सरळ केला की सारा समुद्र एका बाजूला ओतल्यासारखा दिसतो. दादर चौपाटीवर हीच अडचण २००९ साली खुल्या झालेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूने निर्माण केली आहे. सेतूचा पृष्ठभाग वळतो आणि चढतो. त्याच्या मनोऱ्यांचे पाय वर जाताना एकमेकांकडे झुकतात. सेतू नजरेत भरतो, पण तो पाणसळही नाही आणि ओळंबाही नाही. त्याच्या मागची पुसट रेषा शोधावी लागते.

एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकाराला हा शोध टाळताच येत नसे. मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ साली स्थापन झाली. (कावसजी दावर यांनी शहरातील पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभारली तीही याच वर्षी, गिरणीची चिमणी आणि कॅमेरा यांचा मुंबईतील इतिहास असा बरोबरीने सुरू होतो.) डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि व्यावसायिक छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण ही या पहिल्या पिढीतील नावे. त्या काळचा कॅमेरा तिवईवर उभा राही. घासलेल्या काचेवर दृश्य उलटे उमटत असे, ओल्या काचेवरील रसायन सुकण्यापूर्वी सर्व क्रिया उरकावी लागे. इतक्या खटाटोपात तिवई पातळीत बसविणे हा कामाचा पहिला टप्पाच होता. त्यामुळे मलबार हिलवरून घेतलेल्या बॅक बेच्या जुन्या दृश्यांत क्षितिज प्रायः बिनचूक असते.

परंतु बिनचूक क्षितिज म्हणजे निष्पक्ष दृष्टी असे समजण्याचे कारण नाही. टेकडीवरून पाहणाऱ्याचे क्षितिज चौकटीत वर जाते आणि खालचे शहर नकाशासारखे पसरते. समुद्रसपाटीवर उभ्या माणसाला सुमारे साडेचार किलोमीटरवर क्षितिज दिसते. पन्नास मीटर उंचीवरून तेच सुमारे पंचवीस किलोमीटरपर्यंत मागे हटते. ही मोजणीदाराची, मालकाची नजर होय. तिच्यात गिरगावच्या वाड्या नारळीच्या झावळ्यांखाली दिसेनाशा होतात आणि माणसे तर उरतच नाहीत.

माणसे जेथे घेतली गेली तेथे काय झाले, हे विल्यम जॉन्सन याच्या मुंबईतील जातिजमातींविषयीच्या दोन खंडांत (१८६३ व १८६६) पाहता येते. यातील अनेक चित्रांत स्वतंत्रपणे घेतलेल्या व्यक्तींच्या आकृती शहरातील निराळ्या दृश्यांवर जोडलेल्या आहेत. जोडकामात कौशल्य आहे, पण आकृती ज्या उंचीवरून टिपली आणि पार्श्वभूमी ज्या उंचीवरून टिपली त्यांचा मेळ जेथे बसत नाही, तेथे माणसाचे पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत. क्षितिज आडवे आहे, रेषा निर्दोष आहे, आणि तरीही माणूस त्या भूमीवर उभा नाही. ‘येथील रहिवासी’ म्हणून सादर केलेल्या लोकांच्या पायांखालून त्यांचीच जागा निसटावी, हा त्या ग्रंथातील सर्वांत बोलका दोष म्हणावा लागेल.

यावरून क्षितिजाविषयीचा दुसरा, सहसा न सांगितला जाणारा नियम ध्यानात येतो. क्षितिज आडवे असणे पुरेसे नाही. ते कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे हेही पाहावे लागते. सपाट वाळूवर उभे राहून डोळ्याला कॅमेरा लावून घेतलेल्या छायाचित्रात क्षितिजरेषा साधारण तेवढ्याच उंचीच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांतून जाते, मग तो चार हातांवर असो वा पाण्याच्या कडेला. हजारोंची गर्दी असली तरी सर्वांचे डोळे एका रेषेवर येतात. हे भूमितीचे साधे फलित आहे, पण त्याचा परिणाम मोठा असतो, कारण पाहणारा गर्दीतीलच एक होतो.

होमाई व्यारावाला यांच्या पिढीच्या हातात रोलिफ्लेक्स आला तेव्हा ही रेषा खाली उतरली. छातीशी किंवा पोटाशी धरून वरून डोकावण्याचा हा कॅमेरा. सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या व्यारावाला १९४२ साली दिल्लीस जाण्यापूर्वी मुंबईतच छायाचित्रण करीत होत्या. सबीना गाडीहोक यांच्या २००६ सालच्या ग्रंथामुळे त्यांच्या कार्याचा समग्र परिचय झाला. रोलिफ्लेक्सच्या काचेवर डावे-उजवे उलटे दिसते, म्हणून कलता कॅमेरा सरळ करताना हात नेमका विरुद्ध दिशेला जातो. या कॅमेऱ्याने क्षितिज सांभाळणे म्हणजे हाताला नवी सवय लावणे होते. त्याचे बक्षीसही तसेच. कंबरेच्या उंचीवरील क्षितिजामुळे उभ्या माणसाचे मस्तक आणि खांदे आकाशात येतात. साधी व्यक्तीही पुतळ्यासारखी ठाम दिसते. उलट आजच्या विसर्जन-वृत्तांकनात छायाचित्रकार बहुधा मचाणावर किंवा उंच वाहनावर असतो. क्षितिज सर्वांच्या डोक्यांवरून निघून जाते आणि माणसांचे ठिपके होतात. ड्रोनच्या सरळ खाली पाहणाऱ्या छायाचित्रात तर क्षितिजच नसते. असे छायाचित्र देखणे असते, गर्दीचा आकार सांगते, पण त्यात कोणाला चेहरा नसतो.

विसर्जन : मूर्ती सरळ, समुद्र तिरका

सार्वजनिक गणेशोत्सवाचा गिरगावशी असलेला संबंध केशवजी नाईक चाळीपासून, म्हणजे १८९३ पासूनचा आहे. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ सालचे, आणि त्याची मूर्ती लालबागहून निघून गिरगाव चौपाटीवरच विसर्जित होते. मध्य मुंबईच्या क्षितिजहीन गल्ल्यांतून निघालेली मिरवणूक दक्षिण मुंबईच्या क्षितिजाशी येऊन थांबते, असे या यात्रेचे वर्णन करता येईल. वाटेत चिवडा गल्ली, भायखळा, मिरवणुकीवर होणारी श्रॉफ बिल्डिंगची पुष्पवृष्टी; या सर्व ठिकाणी चौकटीला आधार असतो तो इमारतींच्या कडांचा. चौपाटीवर तो आधार एकाएकी सुटतो. समोर फक्त पाणी, माणसे आणि मूर्ती.

दरवर्षी वृत्तपत्रांत प्रसिद्ध होणाऱ्या विसर्जनाच्या छायाचित्रांकडे बारकाईने पाहिल्यास एक विलक्षण गोष्ट आढळते. अनेक छायाचित्रांत मूर्ती चौकटीच्या कडांशी अगदी समांतर, सरळ असते आणि समुद्र तिरका असतो. याचे कारण हाताचा कंप एवढेच नसावे. तराफ्यावर मूर्ती लाटांबरोबर हेलकावते, एका बाजूला झुकते. छायाचित्रकाराची नजर मूर्तीवर खिळलेली असते. देव कललेला पाहणे नजरेला नको असते. न कळत कॅमेरा मूर्तीबरोबर कलतो, चौकटीत मूर्ती ताठ राहते आणि तिचा कल सगळा समुद्राच्या वाट्याला जातो. दहा दिवस मखरात जी मूर्ती समोरून, सरळ, दर्शनाच्या दृष्टीने पाहिली, तीच दृष्टी पाण्यातही चालू राहते. समीक्षकाने यास चूक म्हणून हिणवू नये. ही भक्तीची पाणसळ आहे. मात्र तिची किंमत ओळखली पाहिजे.

किंमत अशी की विसर्जन नाहीसे होते. विसर्जनाचा सारा आशय मूर्तीच्या झुकण्यात आहे. इतके दिवस अढळ असलेली आकृती प्रथमच तोल सोडते, एक खांदा पाण्याकडे जातो, मुकुट आकाशाच्या रेषेवरून सरकत खाली येतो. हे सरकणे समजण्यासाठी आकाशाची रेषा स्थिर हवी. क्षितिज सरळ असेल तर दहा अंशांचा कलही काळजात चर्र करतो. क्षितिजच दहा अंश तिरके असेल तर प्रेक्षकाला फक्त खवळलेला समुद्र दिसतो, जो त्या दिवशी खवळलेला नसतोही. निरोपाचे छायाचित्र वादळाचे होऊन बसते.

७ सप्टेंबर २०२५ रोजीचा प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. अनंत चतुर्दशीस निघालेला लालबागचा राजा दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर पोहोचला, परंतु भरतीमुळे मूर्ती नव्या तराफ्यावर चढविता येईना. कित्येक तास ती किनाऱ्याजवळच्या पाण्यात थांबून राहिली आणि विसर्जन रात्री पार पडले. त्या दिवसाची असंख्य छायाचित्रे निघाली. मूर्ती कलत नव्हती, बुडत नव्हती. पाणी मात्र वरखाली होत होते. नाट्य होते ते पाण्याच्या पातळीचे. अशा वेळी चौकट तिरकी करणाऱ्याने आपल्या हाताने नाट्य घडविले आणि समोरचे हरविले. उलट पाण्याची रेषा काटेकोर आडवी ठेवून दर तासाला एक छायाचित्र घेतले असते, तर त्या मालिकेने प्रतीक्षेचे ते दीर्घ ताटकळणे एकही विशेषण न वापरता सांगितले असते.

मोठ्या पुस्तकी परंपरेतील उदाहरण रघुबीर सिंग यांचे. त्यांचा मुंबईविषयीचा संग्रह १९९४ साली प्रसिद्ध झाला. रंगीत पारदर्शिकेवर काम करणाऱ्या या पिढीला कापाकापीची सवलत जवळजवळ नव्हती. चौकट जी काय असायची ती बटण दाबतानाच. सिंग यांच्या चौकटीत आरसे, काचा, दारे, वाहनांच्या खिडक्या यांनी चौकटीत चौकटी तयार होतात आणि त्या एकमेकींना छेदतात. इतका गजबजाट वाचनीय राहतो, कारण तळाशी कोठेतरी एक रेषा बैठक देऊन असते. गर्दी दाखविण्यासाठी कॅमेरा हलला पाहिजे, या समजुतीला हे चांगले उत्तर आहे. मुंबईची गर्दी मुळातच इतकी हलती आहे की कॅमेऱ्याने त्यात भर घालण्याची आवश्यकता नसते.

गिरणगावातील ओळंबा

परळ-लालबागमध्ये शिरल्यावर क्षितिज हा शब्दच निरर्थक ठरतो. समोर चाळ, मागे चाळ, वर पूल. येथे छायाचित्रकाराला आधार उभ्या रेषेचा. पण कोणती उभी रेषा खरी? गिरगावातील खोताची वाडी, मुगभाट, फडकेवाडी या भागांतील जुन्या लाकडी इमारतींच्या गॅलऱ्या शतकभराच्या वापराने खचल्या आहेत. कठडा मध्यभागी पोटाशी आलेला असतो, खांब भिंतीपासून सुटलेला असतो. कठड्याला समांतर धरून चौकट बसविली की शेजारचे सगळे घर घसरू लागते. अशा ठिकाणी जाणता छायाचित्रकार टांगलेल्या वस्तूकडे पाहतो. दिवाळीत गॅलरीत लोंबणारा आकाशकंदील, दोरीला टांगलेली बादली, वारा नसताना सरळ लटकणारे ओले धोतर हे चाळीतील ओळंबे होत. कंदील उभा धरला की कठड्याचा खचलेपणा त्याच्या खऱ्या मापाने दिसतो, आणि त्या कठड्याला रेलून उभी असलेली बाई खचलेल्या जागेतही किती सरावाने उभी आहे हेही दिसते. नायगाव, ना. म. जोशी मार्ग व वरळी येथील बीडीडी चाळींची गोष्ट निराळी. १९२० च्या दशकातील या इमारती तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, खिडक्यांच्या एकसारख्या रांगांच्या. त्यांच्या बाबतीत रेषा शोधावी लागत नाही, फार तर तिच्या करड्या शिस्तीपासून सुटका शोधावी लागते.

गिरणगावाची खरी उभी रेषा म्हणजे चिमणी. तिचे छायाचित्र घेताना बहुतेक जण पायथ्याशी जाऊन कॅमेरा वर उचलतात. कॅमेरा वर कलताच उभ्या रेषा वरच्या बाजूला एकत्र येऊ लागतात आणि चिमणी मागे कोसळते आहे असा भास होतो. बाजूला नव्याने उभा राहिलेला काचेचा मनोरा असेल तर दोन्ही एकमेकांवर झुकलेले दिसतात. गिरण्यांच्या अस्ताविषयीच्या लेखनाला जोडलेल्या छायाचित्रांत ही रचना इतक्या वेळा आली आहे की ती आता मुद्राच झाली आहे. जुन्या पडद्याच्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवून, कॅमेरा न कलविता उंच इमारत सरळ टिपता येई. आज तीच सोय विशेष भिंगांत व संगणकावरही आहे. तेव्हा चिमणी तिरकी दिसण्याला तंत्राची असहायता कारणीभूत आहे असे म्हणता येत नाही. ती निवड आहे, आणि म्हणून तिची समीक्षा होऊ शकते.

या निवडीवरचा आक्षेप गंभीर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील गिरण्यांच्या जमिनींविषयीचा नियम, २००१ मधील त्याची दुरुस्ती आणि २००६ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय या टप्प्यांनी गिरण्यांच्या जमिनीचे भवितव्य ठरले. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मौखिक इतिहासात कामगारांचे शब्द जपले आहेत, आणि त्या शब्दांत कोण, केव्हा, कोठे हे असते. कोसळत्या चिमणीचे तिरके छायाचित्र हे सारे पुसून टाकते. चिमणी आपोआप कोसळते आहे, काळ तिला पाडतो आहे, असा त्याचा सूर असतो. वास्तविक चिमण्या कोसळल्या नाहीत. त्या पाडल्या गेल्या, किंवा लोअर परळच्या फिनिक्स मिलप्रमाणे बाजारपेठेच्या शोभेसाठी राखल्या गेल्या. फिनिक्सची चिमणी अगदी सरळ उभी आहे. तिला सरळ टिपले, तिच्या पायथ्याची दुकाने आणि वाहनतळ त्याच चौकटीत ठेवले, तर प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहतो. तिला तिरके टिपले तर हळहळ वाटते आणि विषय संपतो.

सुधारक ओलवे यांची मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवरील कृष्णधवल छायाचित्रे या संदर्भात मार्गदर्शक ठरतात. गटाराच्या तोंडातून वर येणाऱ्या कामगाराच्या छायाचित्रात क्षितिज म्हणजे रस्त्याची पातळी. तीच रेषा शरीराचे दोन भाग करते : वरचा शहराला दिसणारा, खालचा न दिसणारा. या दृश्यात धक्का देण्याची शक्ती इतकी असते की चौकट तिरकी करण्याचा मोह कोणालाही व्हावा. तो मोह आवरणे म्हणजे त्या माणसाला त्याच्या जागी, त्याच्या पातळीवर पाहणे. घाणीचे सौंदर्यचित्र होऊ न देण्याचा तोच एक मार्ग दिसतो. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या विषयनिवडीची वाखाणणी झाली. त्यांच्या चौकटींच्या संयमाचीही तितकीच व्हावयास हवी होती.

कललेल्या चौकटीची बाजू

तिरक्या चौकटीचा सरसकट निषेध करणे मात्र अन्यायाचे होईल. १९२० च्या दशकात रशियात अलेक्झांडर रॉडचेंको याने इमारती, जिने, गच्च्या तिरक्या कोनांतून टिपल्या. नव्या समाजाने जुन्या सवयीच्या नजरेने पाहू नये, अशी त्याची भूमिका होती. त्या तिरकेपणात बेशिस्त नव्हती. त्यात कर्ण हीच नवी बैठक होती. मुंबईत त्याचे अनुकरण झाले ते बहुतांशी भूमिकेवाचून. ढोल-ताशांच्या पथकाचे, आगमन सोहळ्याचे छायाचित्र तीस अंश कलविले की ‘जोश’ येतो, ही समजूत जाहिरात-फलकांतून वृत्तपत्रांत आणि तेथून हौशी छायाचित्रकारांत पसरली आहे. सर्वच छायाचित्रे जोशात असली की जोश कशालाच उरत नाही.

अटीतटीच्या प्रसंगी कोणी पाणसळ मागू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी डिसेंबर १९५६ मध्ये केले. दादर चौपाटीकडे लोटलेल्या त्या जनसागरातून जे हाती आले त्याचे मोल रेषांच्या मापाने ठरत नाही. विसर्जनाच्या वेळी होडीतून छायाचित्र घेणाऱ्या कोळी तरुणाचीही गोष्ट तीच. त्याच्या पायांखालची फळीच डुलत असते, आणि त्याच्या चित्रातील कल हा त्या डुलण्याचा प्रामाणिक पुरावा असतो.

दहीहंडीचे उदाहरण मात्र सरळ रेषेच्या बाजूने जाते. दादरच्या आयडियल गल्लीत किंवा लालबागमध्ये थर लागतात तेव्हा खालून वर पाहणाऱ्या हजारो डोळ्यांचा सारा जीव थरांच्या कलात गुंतलेला असतो. वरून तिसरा गडी किंचित डावीकडे गेला की गल्लीतून हुंकार उठतो. हा कल इमारतीच्या कोपऱ्याच्या तुलनेत कळतो. कॅमेरा वर उचललेला असेल आणि थर चौकटीच्या कडेला असतील, तर उभ्या रेषा आत झुकल्यामुळे तोलात असलेले थरही पडते दिसतात आणि खरोखर पडत असलेले कधी कधी सावरलेले दिसतात. थर मध्यावर घेणे आणि शेजारची भिंत ओळंब्यात ठेवणे एवढ्याने चित्र खरे बोलू लागते. गोविंदाच्या पथकाला आपले छायाचित्र पाहून चूक कोठे झाली हे कळावे, इतकी माफक अपेक्षा तरी छायाचित्राने पुरी करावी.

यंत्राने सरळ केलेले क्षितिज

आज बहुतेक कॅमेऱ्यांत आणि भ्रमणध्वनींत पातळी दाखविणारी रेषा असते. ती हिरवी किंवा पिवळी झाली की क्षितिज सरळ झाले. न झाल्यास नंतर संगणकावर एका क्लिकने चित्र फिरविता येते. ही सोय वरकरणी निरुपद्रवी आहे, परंतु तिचा हिशोब मांडला पाहिजे. दोन अंशांचा कल म्हणजे बारा इंच रुंद छापात क्षितिजाची दोन टोके सुमारे एक सेंटिमीटरने वरखाली होणे. तीनास दोन या प्रमाणाची चौकट दोन अंशांनी फिरवून त्याच प्रमाणात पुन्हा कापली तर चित्राचा जवळजवळ दहावा हिस्सा जातो. हा हिस्सा नेहमी कडांचा आणि कोपऱ्यांचा असतो. शिवाय यंत्राला मूर्तीचा कल आणि कॅमेऱ्याचा कल यांतील भेद ठाऊक नसतो. दृश्यातील सर्वांत ठळक रेषा हेरून ती सरळ करणारे सॉफ्टवेअर चौपाटीवर मरीन ड्राइव्हच्या किनाऱ्याला क्षितिज समजू शकते आणि चाळीत खचलेला कठडा ‘दुरुस्त’ करून देऊ शकते. शतकभराचे खचणे असे क्षणात नाहीसे होते, आणि घर मात्र उताराला लागते.

विसर्जनाच्या छायाचित्रात मूर्ती मध्यभागी असते, म्हणून ती या कापाकापीत शाबूत राहते. जाते ते कोपऱ्यातले : तराफ्याचा दोर खांद्यावरून ओढणारा कार्यकर्ता, छातीभर पाण्यात उभा असलेला जीवरक्षक, बापाच्या खांद्यावर बसून रडू आवरणारे मूल. गिरगावच्या वाळूवर त्या रात्री जमलेल्या माणसांपैकी छायाचित्रात नावापुरती उरलेली ही दोन-चार माणसे. बटण दाबण्यापूर्वी रेषा पाहिली असती तर ती चौकटीतच राहिली असती.